पडद्यावरचा सत्यान्वेषी



रहस्यकथा वाचणे हा आपल्याकडे बरीच वर्षे चोरीचा मामला होता. भूगोलाच्या पुस्तकाच्या पोटात बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' नाहीतर 'काळापहाड' दडवायचा, मास्तरांनी तो पकडायचा, जप्त करायचा, आणि खरे सांगायचे तर रात्री कंदिलाजवळ बसून त्यांनीही तो संपवायचा! अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना दोन-चार ओळी मिळाल्या असतील नसतील. पण तालुक्याच्या कोणत्याही जुन्या वाचनालयात जा आणि कपाटातली पाने निसटलेली, कोपरे झिजलेली पुस्तके काढून बघा, म्हणजे लोकांनी काय वाचले ते कळेल. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ज्ञानेश्वरीही शिकवतो. पण आज बोलायचे आहे ते या दडवून वाचलेल्या पुस्तकांच्या गोत्रातल्या एका गोष्टीबद्दल. हेरकथा कागदावरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येते तेव्हा तिचे काय होते, आणि तिच्यातल्या हेराचे काम करणारा नट नेमके काय करतो, हा आजचा विषय.

उदाहरण जवळचेच घेऊ. १९९३ साली दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक बासु चटर्जी, म्हणजे 'रजनीगंधा' आणि 'छोटीसी बात'वाले. ब्योमकेश झाले रजित कपूर, त्याचा मित्र अजित झाले के. के. रैना, आणि ब्योमकेशची बायको सत्यवती झाल्या आपल्या मराठी रंगभूमीवरच्या सुकन्या कुलकर्णी. आरंभीचे ते सतारीचे आणि तबल्याचे संगीत आनंद शंकर यांचे. १९९७ मध्ये मालिकेचा दुसरा भाग आला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आजही ती धून ऐकवली तर तो हातातले काम थांबवतो, असा माझा अनुभव आहे.

आता या ब्योमकेशाचे आपल्या महाराष्ट्राशी एक नाते आहे, आणि ते फारसे कुणाला ठाऊक नसते. ब्योमकेशाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय. जन्म १८९९ चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. लिहिणे सारे बंगालीत. १९३२ साली त्यांनी ब्योमकेशाची पहिली कथा लिहिली आणि पुढच्या चार वर्षांत दहा कथा झाल्या. मग १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले, आणि ब्योमकेश बसला घरी! पंधरा वर्षे त्याला काम नाही. इंग्लंडात कॉनन डॉयलसाहेबांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला दरीत ढकलून दिले होते आणि पुढे वाचकांच्या धोशामुळे त्याला परत बोलवावे लागले, ते सर्वांना माहीत आहे. शरदिंदुबाबूंनी आपल्या हेराला मारले नाही. नुसते विसरल्यासारखे केले. १९५१ च्या सुमारास ते पुन्हा त्याच्याकडे वळले. १९५२ मध्ये सिनेमाचा धंदा सोडून ते पुण्याला राहायला आले, ते कायमचे. पुढच्या वीसेक कथा या पुण्याच्या मुक्कामातल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या, तिथल्या खाणावळी, तिथला पाऊस, आणि लिहिणारा बसलेला मुळा-मुठेच्या काठी. १९७० साली ते वारले तेव्हा ब्योमकेशाच्या ३२ कथा पुऱ्या झाल्या होत्या आणि तेहेतिसावी अर्धी राहिली होती. त्यांतली 'शैलरहस्य' नावाची एक कथा तर महाबळेश्वरच्या हॉटेलात घडते. आणि एवढ्यावरच हा माणूस थांबला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंच्या पुत्राच्या काळात घडणाऱ्या, सदाशिव नावाच्या एका चुणचुणीत मावळी पोराच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आपण मात्र या पुणेकर बंगाल्याला ओळखले ते हिंदी मालिकेमुळे. असो.

मुद्द्यावर येतो. हेरकथेत खरी घटना घडते कुठे? खून घडतो तो बहुधा गोष्ट सुरू होण्यापूर्वीच. त्यानंतर जे काही घडते ते एका माणसाच्या डोक्यात घडते. कागदावर हे झाकायला सोय असते. गोष्ट सांगणारा अजित किंवा वॉटसन असतो; त्याला कळत नाही म्हणून आपल्यालाही कळत नाही. पडद्याला ही सोय नाही. कॅमेरा समोर ठेवला की सारे दिसते; टेबलावरची दौतही दिसते आणि कोपऱ्यातली छत्रीही. आणि जे दाखवायला हवे, म्हणजे विचार, तोच नेमका दिसत नाही. मग नटाने करायचे काय? डोके खाजवायचे? येरझारा घालायच्या? पुष्कळ नट तेच करतात. कपाळाला आठ्या घालतात आणि एकदम चुटकी वाजवतात. आम्ही प्रेक्षक समजतो, की याला आता काहीतरी सुचले.

इंग्लंडात जेरेमी ब्रेट नावाच्या नटाने १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षे ग्रॅनडा टेलिव्हिजनसाठी होम्सचे काम केले. चाळीसवर भाग झाले. त्याने मूळ कथा इतक्या बारकाईने वाचल्या होत्या, की होम्स कसा बसतो, हात कसे जुळवतो, कशाला हसतो याच्या नोंदी काढून ठेवल्या होत्या. सिडनी पॅजेट या चित्रकाराने त्या कथांसाठी मासिकात जी चित्रे काढली होती, त्यांतल्या बैठकीही पडद्यावर जशाच्या तशा उभ्या केल्या. त्याचा होम्स अस्वस्थ आहे. तो एकदम सोफ्यावरून उडी मारतो आणि दुसऱ्या क्षणी दगडासारखा निश्चल होतो. विचार दिसत नाही हे खरे, पण विचाराचा त्या शरीराला होणारा त्रास दिसतो. ही त्याची युक्ती. दुसरी गोष्ट, वॉटसनला त्यांनी विदूषक केला नाही. १९३९ ते १९४६ च्या बॅझिल रॅथबोनच्या चित्रपटांत वॉटसन म्हणजे धांदरट म्हातारा होता. ग्रॅनडाच्या मालिकेत आधी डेव्हिड बर्क आणि मागाहून एडवर्ड हार्डविक यांनी तो समंजस, सभ्य डॉक्टर केला. मला हे फार मोलाचे वाटते. मूर्खाला चकित करण्यात शहाण्याचे काय मोठेपण? शहाणा माणूसही जिथे चुकतो तिथे होम्स चुकत नाही, हे दिसायला वॉटसन शहाणाच हवा.

ॲगाथा ख्रिस्तीबाईंच्या पॉयरोचे काम डेव्हिड सुशे यांनी १९८९ पासून २०१३ पर्यंत केले. चोवीस वर्षे एकाच मिशा! त्यांच्याच मिस मार्पलचे काम जोन हिक्सन या नटीने बी.बी.सी.वर सुरू केले तेव्हा तिचे वय होते अठ्ठ्याहत्तर. सांगतात की चाळीस वर्षांपूर्वीच ख्रिस्तीबाईंनी तिला नाटकात पाहून कळवले होते, पुढे कधीतरी तू माझी मार्पल करशील. ही मार्पल म्हणजे खेड्यातली विणकाम करणारी म्हातारी. कुणाच्या घरी कोण येते, दुधाच्या बाटल्या किती लागतात, मोलकरीण का रडते, हे तिला बसल्या जागी कळते. आपल्याकडे अशा आजी गल्लीगल्लीत आहेत. आपण त्यांना चोंबड्या म्हणतो, आणि गावातली खरी बातमी हवी असली की गुपचूप त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसतो.

रजित कपूरची वाट या साऱ्यांहून निराळी. त्याचा ब्योमकेश काहीच करीत नाही! धोतर-कुडता घातलेला, सिगारेट ओढणारा, वर्तमानपत्र वाचणारा बंगाली गृहस्थ. कचेरीतून आलेला कारकून वाटावा. तो ऐकतो. या नटाचे सगळे काम ऐकण्यात आहे. समोरचा माणूस बोलत असताना त्याची नजर किंचित बाजूला जाते, ओठाच्या कोपऱ्यात हसू येते आणि मावळते, आणि मग तो असा प्रश्न विचारतो, की ज्याचा खुनाशी काही संबंधच नाही असे वाटावे. सांगणारा तितक्याच सहज उत्तर देऊन जातो. आपल्याला वाटते, हे काय विचारले? अर्ध्या तासाने कळते, की सारी गोष्ट त्या उत्तरावर उभी होती.

'मकड़ी का रस' या कथेचे घ्या. एक आजारी, खत्रुड म्हातारा आहे. खोलीतून बाहेर पडत नाही. कोळ्याच्या रसाची एक विषारी नशा त्याला जडली आहे. घरच्यांनी कडेकोट पहारा ठेवला. कोण येते, कोण जाते, टपालात काय येते, सारे तपासतात. तरी म्हाताऱ्याला नशा मिळतेच. कशी? ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला, म्हणून तो अजितला पाठवतो. अजित सारी खोली धुंडाळतो, सापडत काही नाही. मग तो येऊन पाहिलेले जसेच्या तसे सांगतो, आणि ब्योमकेश घरबसल्या उत्तर काढतो. ते उत्तर मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिले-वाचले नाही त्यांचा घास कशाला काढून घ्या? पण गंमत कशात आहे ती बघा. अजितने जे पाहिले तेच आपण पाहिले. वस्तू आपल्या डोळ्यांसमोर होती. अजितजवळ डोळे कमी नव्हते. पाहिलेल्यातले अर्थाचे कोणते ते त्याने निवडले नाही, इतकेच. आणि के. के. रैना हे इतक्या प्रामाणिकपणे करतात, की अजित कुठेही बावळट वाटत नाही. तुमच्या-माझ्याइतका शहाणा वाटतो.

हेर हा शब्द ब्योमकेशला आवडत नाही, हे सांगायचे राहिले. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. सत्याचा शोध घेणारा. पहिल्या कथेत तो खोटे नाव घेऊन एका खाणावळीत राहायला येतो, आणि तरीही नाव सत्यान्वेषी! मग त्याचे लग्न होते, बायकोचे नावही सत्यवती. होम्सला घर नाही, पॉयरोला बायको नाही. ब्योमकेशला मात्र भाजी काय आणायची याचीही चिंता आहे. सुकन्या कुलकर्णींची सत्यवती रुसते, चिडते, कधी त्याच्याच डोळ्यांतला विचार ओळखते. त्या घरात चहा येतो आणि चहाबरोबर कुणाच्या तरी मरणाची गोष्ट येते. हा घरगुतीपणा पडद्यावर आणला, हे मी बासु चटर्जींचे सर्वांत मोठे श्रेय समजतो.

मालिकेत उणिवा पुष्कळ. नेपथ्य तोकडे, प्रकाश सपाट. शेवटचा उलगडा कित्येकदा घाईघाईने गुंडाळलेला, कारण वेळ ठरलेली. दुसरा भाग पहिल्याइतका रंगला नाही, असे माझे मत. शिवाय पडद्यावरच्या हेरकथेला एक जन्मजात रोग आहे. छोट्या कामात मोठा नट दिसला की आमच्या गावातली पोरे लगेच ओरडत, "हाच खुनी! उगीच कशाला आणला असता याला?" आणि बहुधा त्यांचे खरे निघे. ब्योमकेशची पुढे खूप सोंगे झाली. आधीही झाली होती. सत्यजित रायांनी १९६७ मध्ये 'चिडियाखाना' काढला तेव्हा उत्तमकुमारने ब्योमकेश केला होता. २०१५ मध्ये दिबाकर बॅनर्जींचा हिंदी चित्रपट आला, त्यात सुशांतसिंह राजपूत होता. देखणा चित्रपट, धूर आणि ट्रामगाड्या भरपूर. पण त्यातला ब्योमकेश पाहताना मला त्याचा विचार दिसला नाही, कपडेपट दिसला.

दूरदर्शनवर याआधी १९८५ मध्ये 'करमचंद' आला होता. पंकज कपूर गाजर खाई आणि किटीला गप्प बसवी. ती मूळ दूरदर्शनसाठीच रचलेली, थट्टेची मालिका; लोकांना फार आवडली. त्याच सुमारास सत्यजित रायांच्या फेलूदाची गोष्ट 'किस्सा काठमांडू का' हिंदीत आली, दिग्दर्शन त्यांचे चिरंजीव संदीप राय यांचे. फेलूदा होते शशी कपूर. माणूस राजबिंडा, पण फेलूदाच्या चपळ बुद्धीला तो देह जड झाला होता. मला त्यात लक्षात राहिले ते दोन मराठी नट: तोपशेच्या कामात अलंकार जोशी आणि लालमोहनबाबूंच्या कामात डॉ. मोहन आगाशे. 'घाशीराम कोतवाल'मधला नाना फडणवीस बंगाली रहस्यकथालेखकाच्या भाबडेपणात शिरलेला पाहणे, हा एक वेगळाच आनंद होता.

मग मराठीचे काय? दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर 'एक शून्य शून्य' झाली, बी. पी. सिंग यांची, शिवाजी साटम त्यात पोलीस अधिकारी होते, आणि पुढे हीच जोडी 'सी.आय.डी.'मधून देशभर पोचली. पण त्या पोलिसी कथा. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला, अर्नाळकरांनी हजार पुस्तके लिहिली, गुरुनाथ नाईकांनी कपाटेच्या कपाटे भरली. त्यांतला एकही नायक मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एका नटाचा चेहरा घेऊन उभा राहत नाही. ब्योमकेश म्हटले की रजित कपूर. झुंजार म्हटले की कोण? ही खंत मला वाटते. बंगाली माणसाने आपल्या हलक्या समजल्या गेलेल्या वाङ्मयालाही जपले. आम्ही ते रद्दीत घातले.

मी ब्योमकेश पाहिला तो मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात. दूरदर्शनसंच गावात मोजके. एक जण माळवदावर ॲन्टेना फिरवी, खालून दुसरा ओरडे, "आलं, आलं! गेलं!" वीज कधी जाईल नेम नाही, आणि नेमकी उलगड्याच्या वेळी जायची. मग अंधारात गावच्या लोकांचा तपास सुरू होई. ज्याला जो वाटला तो खुनी. तिथे एक म्हातारेबुवा बसत, ते ऐकून घेत आणि मग विचारत, "तू पाहिलं का?" एवढेच. पोरगं गप्प. जुन्या काळी जागल्या बैलचोराचा माग कसा काढी, ते ते सांगत. पाऊल सापडले की त्यावर आधी टोपली पालथी घालायची, म्हणजे वाऱ्याने, ढोरांनी ते पुसू नये. मग माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. माग तुटला तर तुटला म्हणायचे. मनाने जोडायचा नाही.

हे सगळे करमणुकीचे बोलणे वाटेल. म्हणून एक गोष्ट आठवण करून देतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. आठवड्याचा बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारी, भटक्या समाजातली पाच माणसे तिथे आली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे मोबाईलवरून पसरलेलेच होते. लोकांनी त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि ठार मारले. पाचही जणांना. कुणाचे मूल नाहीसे झाले आहे का, हा पहिला प्रश्न. तो त्या गर्दीत कुणी विचारला असता तर? आमच्या जिल्ह्यातही अशा अफवा येतात. नवा माणूस, अनोळखी भाषा, पाठीवर झोळी, झाले! पुरावा पूर्ण. हेरकथेत पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर सर्वांचा संशय जातो तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. लेखकाची ती युक्ती आहे, मान्य. पण शंभर गोष्टींत शंभर वेळा हे पाहिलेल्या माणसाचा हात दगड उचलताना क्षणभर तरी थांबेल, असे मला वाटते. निदान थांबावा यासाठी मी ही पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती देतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक करून बघायला सांगतो. आमच्याकडे काहींनी केले आहे. आठवी-नववीचा वर्ग घ्यावा. ब्योमकेशाची किंवा होम्सची एक गोष्ट निवडावी, मराठीत मिळते ती. निम्मी वाचून पुस्तक मिटावे. मुलांना कागदाचे दोन भाग करायला सांगावेत: एका बाजूला 'आपण काय पाहिले', दुसऱ्या बाजूला 'आपल्याला काय वाटले'. पहिल्या खेपेला सगळी मुले सगळे पहिल्या बाजूला लिहितात. 'तो घाबरलेला होता' हेही पाहिले म्हणून लिहितात. मग विचारावे, घाबरलेला हे कशावरून? कोणीतरी म्हणते, त्याचा हात थरथरत होता. मग हात थरथरणे पहिल्या बाजूला, घाबरणे दुसऱ्या बाजूला. एवढे करायला एक तासिका पुरते. शाळेत पडदा आणि यंत्र असेल तर मालिकेचा भागही दाखवावा, पण आवाज बंद करून पाच मिनिटे; नुसता रजित कपूरचा चेहरा बघू द्यावा, आणि तो कोणत्या क्षणी कान टवकारतो ते टिपायला सांगावे. मुले गलका करतील, शेवट सांगा म्हणून मागे लागतील, एखादे पालकही विचारायला येतील. सांगू नये. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वाचावी.